आठ मिलिमीटरसाठी भटकंती

लंडनला ऑनसाइट आलेली माणसं वीकेंडला काय करतात? पहिला महिना बिग बेन, लंडन आय, टॉवर ब्रिज. दुसरा महिना ऑक्सफर्ड स्ट्रीटवरचे सेल. तिसऱ्या महिन्यात कंटाळा, कपडे धुणं आणि कुकरची शिट्टी. मी पाचव्या महिन्यात एक विमान कापायला घेतलं!

घाबरू नका. विमान खेळण्याएवढं. पंखांच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जेमतेम वीस सेंटिमीटर. पण त्याच्यापायी मी दोन म्युझियम पालथी घातली, एका मॅनेजरला ‘शनिवारी नाही जमणार’ असं पहिल्यांदा सांगितलं आणि डोंबिवलीतल्या एका ८५ वर्षांच्या माणसाकडून सणसणीत बोलणीही खाल्ली.

तो माणूस म्हणजे माझे आबा. आईचे वडील. १९६१ मध्ये इंडियन एअरलाइन्समध्ये मेकॅनिक म्हणून लागले, सांताक्रूझला. तेव्हा तिथं व्हायकाउंट नावाची विमानं होती. चार इंजिनांची, ब्रिटनमध्ये बनलेली. इंडियन एअरलाइन्सकडे ती १९५७ मध्ये आली. आमच्या घरी कपाटाच्या आतल्या बाजूला एक ब्लॅक अँड व्हाइट फोटो चिकटवलेला आहे. त्यात व्हायकाउंटच्या पंखाखाली तीन मुलगे उभे आहेत, मळक्या डांगऱ्यांत, फिल्मस्टारच्या थाटात. मधले आबा.

गेल्या गणपतीत व्हिडिओ कॉलवर आबांनी तो फोटो मागवला. डोळ्यांपासून वीतभर अंतरावर धरला, मग अगदी नाकाला लावला. आणि आईला विचारलं, “यात मी कुठला गं?”

त्यांना काचबिंदू आहे. गेलेली नजर परत येत नाही, उरलेली टिकवायची, एवढंच डॉक्टरांच्या हातात असतं. हे सगळं मला माहीत होतं. पण तो प्रश्न ऐकला आणि त्या रात्री झोप काही लागली नाही. फोटो त्यांच्यासाठी संपला होता. मग काय उरतं? हात. हाताला कळेल असं काहीतरी हवं होतं.

मिठाईचा ट्रे

ऑक्टोबरमध्ये एका शाळेच्या हॉलमध्ये मॉडेलवाल्यांचा बाजार भरला होता, तिथं घुसले. जुन्या किट्सच्या टेबलाखाली एक पॉलिथीनची पिशवी पडलेली. आत पांढऱ्या प्लॅस्टिकचे दोन पत्रे, थोडे धातूचे तुकडे आणि एक कागद. वर पेनने लिहिलेलं, ‘व्हायकाउंट, १:१४४’. आठ पाउंड. मी भाव न करता घेतली. डोंबिवलीकर बाईसाठी ही मोठीच गोष्ट.

ईस्ट हॅमच्या फ्लॅटवर आले. माझी नागपूरकर रूममेट पिशवीत डोकावली आणि म्हणाली, “हे काय आणून राहिली तू? मिठाईचा ट्रे?”

खरं सांगते, तिनं एका वाक्यात सगळं तंत्रज्ञान सांगून टाकलं. मिठाईच्या बॉक्समध्ये पेढ्यांसाठी खळगे असलेला प्लॅस्टिकचा ट्रे असतो ना, हे किट अगदी तसंच बनतं. प्लॅस्टिकचा पत्रा गरम करून मऊ करायचा, साच्यावर ठेवायचा आणि खालून हवा ओढून घ्यायची. पत्रा साच्याला चिकटतो, गार होतो, आकार तयार! याला व्हॅक्युम फॉर्मिंग म्हणतात. एअरफिक्स किंवा रेवेलच्या नेहमीच्या किट्समध्ये प्लॅस्टिक वितळवून पोलादी साच्यात दाबून भरतात. ते साचे बनवायला प्रचंड खर्च येतो, म्हणून कंपन्या खपणारीच विमानं काढतात. व्हॅक्युमचा साचा मात्र एखादा हौशी माणूस गॅरेजमध्ये लाकडाचासुद्धा करू शकतो. त्यामुळे मोठ्या कंपन्यांनी ज्यांच्याकडे ढुंकून पाहिलं नाही, अशी कितीतरी प्रवासी विमानं वर्षानुवर्षं याच पद्धतीनं घराघरांत पोचली.

याची किंमत मोजायची ती बनवणाऱ्यानं. पार्ट सुटे मिळत नाहीत. पत्र्यातून उठलेले नुसते उंचवटे असतात. अर्धी बॉडी डावीकडे, अर्धी उजवीकडे, पंखांच्या वरच्या नि खालच्या बाजू वेगळ्या. आणि कुठला भाग कुठं बसतो ते सांगणारा तो कागद.

मी टेस्टर आहे हो. आठ-आठशे पानांची रिक्वायरमेंट डॉक्युमेंट्स वाचून त्यातल्या चुका काढायचा मला पगार मिळतो. या कागदावर एक अंधूक चित्र आणि नऊ वाक्यं होती. भाग कापून काढा. घासा. बॉडी जोडा. पंख जोडा. रंगवा. आणि शेवटचं, ‘बाकी तपशिलासाठी फोटो पाहा’. फोटो? पिशवी उलटी करून झटकली. नव्हता.

पेन्सिलची रेघ

पहिले तीन वीकेंड शिकण्यात गेले. तुम्हालाही कधी हा किडा चावलाच, तर फंडा असा. पार्टच्या कडेनं, जिथं तो सपाट पत्र्याला मिळतो, तिथं पेन्सिलनं रेघ मारायची. कटर आरपार घालायचा नाही, तिरका धरून दोन-तीन वेळा ओरखडा काढायचा. मग पत्रा हलकेच मागे-पुढे वाकवला, की कट्‌ असा आवाज येऊन पार्ट हातात येतो. हा आवाज भन्नाट असतो. त्यासाठी तरी एकदा करून बघा.

पण पार्टच्या कडेला पत्र्याच्या जाडीएवढं जास्तीचं प्लॅस्टिक उरलेलं असतं. ते तसंच ठेवून दोन अर्धी जोडली तर विमान जाडजूड होतं. म्हणून काचेवर पॉलिश पेपर चिकटवायचा, त्यावर पाणी शिंपडायचं आणि पार्ट गोल गोल घासत राहायचं. पेन्सिलची रेघ नाहीशी होईपर्यंत. एक घासा जास्त पडला, की गेलं. पार्ट पकडायला काही नसतं, म्हणून पाठीवर चिकटपट्टीची मूठ करायची. आत जोडावर उरलेल्या पत्र्याच्या पट्ट्या लावायच्या, म्हणजे दोन्ही अर्धी एकमेकांना धरून राहतात. पंखांसाठी बॉडीतून आरपार एक आडवी पट्टी घालायची, नाहीतर ते पहिल्या धक्क्याला गळून पडतात.

यातलं एक अक्षरही त्या कागदावर नव्हतं. काही वाचून कळलं, बरंचसं चुकून कळलं. विमानाच्या नाकाखाली चाक असेल तर नाकात शिशाचं वजन भरायचं, नाहीतर विमान शेपटावर बसतं, हे मात्र बॉडी बंद करायच्या आधी सुचलं. नशीब!

चौथ्या रविवारी बॉडी चिकटवून तयार झाली. पांढरी, गुळगुळीत, पोटात शिसं घेतलेली. मी तिच्याकडे बघत बसले आणि लक्षात आलं की मागचे छोटे पंख किती वर उचलायचे तेच ठाऊक नाही. चित्रात ते सपाट दिसत होते. आबांच्या फोटोत शेपूटच नव्हतं.

म्हटलं, फोटो पाहा म्हणतोय ना कागद? मग डायरेक्ट विमानच पाहू की!

ब्रुकलंड्स: जिथं ते बनलं

वॉटर्लू स्टेशनवरून गाडी पकडायची आणि अर्ध्या-पाऊण तासात वेब्रिजला उतरायचं. तिथून झाडीतून चालत गेलं, की ब्रुकलंड्स. नाव ऐकलं नसेल, पण जागा जबरी आहे. १९०७ मध्ये इथं मोटारींच्या शर्यतींसाठी ट्रॅक बांधला गेला. खास शर्यतींसाठी बांधलेला जगातला पहिला. काँक्रीटचा, आणि वळणावर भिंतीसारखा चढत जाणारा. त्याचा एक तुकडा अजून उभा आहे. त्यावर शेवाळ चढलंय, फटींतून झाडं उगवलीत. आपण खालून वर बघतो आणि कल्पना करतो की त्या काळच्या गाड्या, त्या काळचे ब्रेक… बाप रे!

या ट्रॅकच्या आत विमानं आली. पहिल्या महायुद्धात व्हिकर्स कंपनीनं इथं कारखाना काढला आणि पुढची सत्तरेक वर्षं इथून विमानं बाहेर पडत राहिली. आता म्युझियम आहे. नेसच्या सरोवराच्या तळातून १९८५ मध्ये वर काढलेलं वेलिंग्टन बॉम्बर आहे, काँकॉर्ड आहे. सगळे काँकॉर्डच्या रांगेत उभे होते. मी सरळ व्हायकाउंटकडे गेले.

ते बघितलं आणि उगीचच ओळखीचं वाटलं. घरात ज्याच्या गोष्टी ऐकत मोठे होतो, तो लांबचा काका अचानक लग्नात भेटावा, तसं. पंखांवर चार सडपातळ लांबट इंजिनं. मोठाल्या लंबगोल खिडक्या, एकेक ६६ सेंटिमीटर उंच. आजच्या विमानांत बसून खिडकीला नाक लावणाऱ्यांना हेवा वाटावा अशा. आणि मागचे पंख? चांगलेच वर उचललेले. हात पसरून ‘काय माहीत’ म्हणावं तसे. मी फोटो काढले, एका पट्टीवर कोन उतरवला. काम झालं होतं.

तेवढ्यात जॅकेटवर म्युझियमचा बिल्ला लावलेले एक आजोबा जवळ आले. इथं बरेच निवृत्त लोक हौसेनं काम करतात. मी मॉडेलचं सांगितल्यावर त्यांचे डोळे चमकले.

“कुठलं करतेयस?” त्यांनी विचारलं. “सातशे की आठशे?”

मी नुसतीच हसले. आमच्या क्लायंटनं असा प्रश्न विचारला, की आम्ही असंच हसतो.

मग त्यांनी समजावलं. व्हायकाउंट एका साइजचं नव्हतं. आधी सातशे सीरिज आली, साधारण २४.९ मीटर लांब. मग जास्त प्रवासी बसवायला लांबवलेली आठशे, २६.१ मीटरची. ब्रुकलंड्सचं विमान आठशेतलं. ओळखायचं कसं? दरवाजा बघ, ते म्हणाले. आठशेचा चौकोनी. सातशेचा लंबगोल.

मी तिथंच पंखाखाली उभं राहून डोंबिवलीला फोन लावला. तिकडे संध्याकाळ झाली होती.

“आबा, तुमच्या व्हायकाउंटचा दरवाजा कसा होता?”

“कसा म्हणजे? अंड्यासारखा! अगं, पावसात त्याच्या रबरातून पाणी झिरपतंय का ते बोटानं चाचपायचो आम्ही. का गं?”

“काही नाही, सहज.”

आजोबांनी जाता जाता आणखी एक गोष्ट सांगितली. या विमानाचं आधी ठरलेलं नाव ‘व्हाइसरॉय’ होतं. हिंदुस्थानचा व्हाइसरॉय असतो ना, त्यावरून. पण १९४७ मध्ये आपण स्वतंत्र झालो आणि ते पदच उरलं नाही. मग नाव बदलून व्हायकाउंट केलं. पहिलं उड्डाण १६ जुलै १९४८ ला, इथून जवळच्याच विस्लीहून. म्हणजे विमान आकाशात जायच्या आधीच आपण त्याचं बारसं पुन्हा करायला लावलं होतं! मला उगाच कॉलर टाइट झाल्यासारखं वाटलं.

एकशे एक्क्याऐंशी

परतीच्या गाडीत कॅल्क्युलेटर काढला. २४.९ मीटर भागिले १४४, म्हणजे १७३ मिलिमीटर. २६.१ भागिले १४४, म्हणजे १८१. घरी येऊन चपलाही न काढता पट्टी घेतली आणि बॉडी मोजली.

१८१.

चार वीकेंड खपून, घासून, चिकटवून बनवलेली ती बॉडी आठशेची होती. आबांचं विमान सातशेचं. फरक आठ मिलिमीटर. करंगळीच्या नखाएवढा.

रूममेट म्हणाली, “आठ मिलिमीटर तर आहे. कोणाले कळते?”

हा प्रश्न मी ऑफिसात रोज ऐकते. एवढासा बग आहे, युजरला कुठं कळणार? आणि दर वेळी माझं उत्तर असतं, कुठल्या युजरला त्यावर अवलंबून आहे. शोकेसमध्ये ठेवायचं असतं तर कोणालाच कळलं नसतं. पण माझा युजर हे विमान बघणार नव्हता. तो ते बोटांनी वाचणार होता. आणि त्याची बोटं या विमानावरून अकरा वर्षं फिरली होती.

त्याच रात्री दुसरी गोष्टही डोक्यात आली. किटमध्ये खिडक्या आणि दरवाजे म्हणजे चिकटवायचे छापील स्टिकर होते. दिसायला झकास. बोटाला मात्र काहीच लागणार नाही. ते सगळं कोरावं लागणार होतं.

आता प्रश्न उरला, आठ मिलिमीटर कापायचे कुठून? आजोबा म्हणाले होते, वाढवलेला तुकडा पंखांच्या पुढे आहे. पण माझ्यावर विश्वास ठेवू नकोस, सातशे बघून ये. एक डक्सफर्डला आहे. प्रोजेक्ट संपायला तीन वीकेंड होते. त्याच शनिवारी रिलीज होतं आणि मॅनेजरनं सगळ्यांना बोलावलं होतं. मी मेल लिहिली, खोडली, परत लिहिली. ‘शनिवारी वैयक्तिक कारणामुळे येऊ शकणार नाही. रविवारी भरून काढेन.’ पाठवल्यावर दहा मिनिटं पोटात गोळा. उत्तर आलं, ‘ओके’. एवढंच! दोन वर्षं मी उगाच घाबरत होते.

डक्सफर्ड: वाऱ्यात उभी असलेली रांग

लिव्हरपूल स्ट्रीटहून केंब्रिजच्या दिशेनं जाणारी गाडी, व्हिटल्सफर्ड पार्कवेला उतरायचं, पुढे टॅक्सी. डक्सफर्ड हा जुना हवाई दलाचा तळ. दुसऱ्या महायुद्धात इथून लढाऊ विमानं उडायची. आता तो इम्पीरियल वॉर म्युझियमचा भाग आहे. हँगर इतके मोठे की आत शिरल्यावर आपला आवाज आपोआप खाली येतो.

गर्दी लढाऊ विमानांकडे. प्रवासी विमानांकडे मोजकीच माणसं. आणि नोव्हेंबरचा वारा! नाकाचा शेंडा बधिर झाला होता. तिथं ते होतं. व्हायकाउंट ७०१, ‘सर जॉन फ्रँकलिन’. १९५२ चं, आज शिल्लक असलेल्या व्हायकाउंटमधलं सर्वांत जुनं.

दरवाजा अंड्यासारखा.

मी मोबाइलवर ब्रुकलंड्सचा फोटो काढला आणि समोरच्या विमानाशी ताडून बघू लागले. पंखाच्या मागे जवळजवळ सारखंच. पंखाच्या पुढे मात्र हे विमान आखूड मानेचं. आजोबा बरोबर होते. शिवाय तिथं बॉडी नळीसारखी सरळ गोल आहे, निमुळती व्हायच्या आधीची. म्हणजे तुकडा काढून दोन टोकं जोडली तर कडा जुळणार. हे फोटोत कळलं नसतं. विमानाच्या बाजूनं चालत, मान वर करून बघितलं तेव्हा कळलं.

तिथं उभी असताना आबांच्या आणखी गोष्टी आठवत गेल्या. २९ जुलै १९५० ला या जातीच्या विमानानं लंडनहून पॅरिसला प्रवासी नेले. टर्बोप्रॉप इंजिनावरची ती जगातली पहिली नियमित प्रवासी फेरी. त्याआधीच्या पिस्टन इंजिनांच्या विमानांत दात वाजायचे म्हणे. व्हायकाउंट इतकं संथ चालायचं की टेबलावर नाणं उभं ठेवून दाखवायचे. आबा सांगतात, आम्हीपण चार आण्याचं नाणं ठेवून बघितलं होतं, राहिलं! पण आत बसलेल्यांना जी शांतता, तिचं बिल बाहेरच्यांना. रोल्स-रॉइसच्या डार्ट इंजिनाची शिट्टी जमिनीवर कानात सुईसारखी घुसायची. “कान डार्टनं नेले, डोळे वयानं,” हा आबांचा नेहमीचा डायलॉग. मी तो शंभरदा ऐकलाय आणि शंभरदा हसले आहे. त्या दिवशी त्या बंद इंजिनांखाली उभी राहून नाही हसू आलं.

करवत

पुढच्या शनिवारी कापलं. बॉडीभोवती चिकटपट्टीचे दोन वेढे, मध्ये बरोबर आठ मिलिमीटर. पट्टीच्या कडेनं बारीक दातांची करवत. हात थरथरत होता. रूममेट बॉडी धरून बसली होती आणि चक्क गप्प होती.

कापून झालं. विमानाचं नाक एका हातात, बाकीचं दुसऱ्या हातात, आणि टेबलावर प्लॅस्टिकची एक पांढरी अंगठी. आत पट्ट्या लावून दोन टोकं जोडली, फटीत पुट्टी भरली, रात्रभर सुकवली, सकाळी घासली. पट्टी लावली. १७३!

मग लंबगोल भोकांची स्टेन्सिल आणून एकेक खिडकी कोरली. साडेचार मिलिमीटरची एक खिडकी, सुईनं. डोळे मिटायचे, बोट फिरवायचं, लागली तर पुढची. दरवाजा जरा खोल. मागचे पंख ब्रुकलंड्सच्या कोनात. धातूचे पंखे आणि चाकं शेवटी. रंग दिला नाही. त्या काळी रंग नेमका कसा होता ते मी आबांना विचारलं होतं. ते म्हणाले, “रंगाचं काय विचारतेस? आमच्या वाट्याला पोटाकडची बाजू. ती तेलकट.”

विमान केकच्या बॉक्समध्ये बसलं. हँडबॅगेजमध्ये घेतलं आणि साडेनऊ तास मांडीवरून खाली ठेवलं नाही.

उटी

डोंबिवलीला पोचले तेव्हा आबा गॅलरीत बसले होते. “आबा, हात पुढे करा,” म्हटलं आणि विमान त्यांच्या तळव्यावर ठेवलं.

ते काही बोलले नाहीत. आधी अंगठा नाकावरून फिरला. मग बोटं बॉडीवरून मागे सरकली, पंखावर आली, एकेका इंजिनाला हात लावत बाहेरपर्यंत गेली आणि परत आली. एक, दोन, तीन, चार. दुसऱ्या हातानं शेपूट धरलं, वर उचललेले पंख चाचपले, मान हलवली. मग बोट डाव्या बाजूला पुढे गेलं आणि दरवाजावर थांबलं. तिथं ते दोनदा गोल फिरलं.

“सातशे अडुसष्ट,” आबा म्हणाले.

आई स्वयंपाकघरातून बाहेर आली होती. ती तशीच दारात उभी राहिली. इंडियन एअरलाइन्सच्या व्हायकाउंटचा मॉडेल नंबर ७६८ होता. मी त्यांना सातशे की आठशे यातलं काहीही सांगितलं नव्हतं.

मी वाट बघत होते. छान म्हणतील, पाठीवर हात ठेवतील. आबांनी विमान समोरच्या स्टुलावर ठेवलं, चाकांपाशी बोटं नेली, इकडे चाचपलं, तिकडे चाचपलं आणि भडकले.

“उटी कुठाय?”

“काय?”

“उटी! चॉक्स! उभ्या विमानाच्या चाकाला उटी नाही? कोणी शिकवलं तुला? गेलं उतारावरून आणि घुसलं हँगरमध्ये, तर कोण जबाबदार?”

सहा महिने लंडनमध्ये कामाचं कौतुक ऐकून आलेली मी, आणि गॅलरीत माझं असं अप्रेझल! आई हसायला लागली. मग मीही. आबा हसले नाहीत. ते खरंच ड्यूटीवर होते.

बॉक्सच्या कोपऱ्यात ती पांढरी अंगठी होती. कापलेली, आठ मिलिमीटरची. का कोण जाणे, टाकली नव्हती. कटर काढला, तिचे तुकडे केले, एकावर एक चिकटवून तासले. तांदळाच्या दाण्याएवढ्या चार उट्या झाल्या. आबांनी एकेक चिमटीत धरून तपासली आणि स्वतःच्या हातानं लावली. दोन डाव्या चाकांना, पुढून-मागून. दोन उजव्या. वेळ लागला, पण आम्ही कोणी मदत केली नाही.

मग ते मागे टेकले. “आता जा,” म्हणाले, “चहा टाक.”

जायचंय?

ब्रुकलंड्स: लंडन वॉटर्लू ते वेब्रिज ट्रेन, पुढे चालत. व्हायकाउंट ८०६ बरोबरच काँकॉर्ड आणि व्हीसी-१० बघा. शर्यतीच्या जुन्या ट्रॅकसाठी बूट चांगले घाला.

डक्सफर्ड: लंडन लिव्हरपूल स्ट्रीट ते व्हिटल्सफर्ड पार्कवे ट्रेन, पुढे टॅक्सी. अख्खा दिवस हाताशी ठेवा. थंडीत कानटोपी मस्ट! दोन्हीकडे निघण्याआधी वेळा तपासून घ्या.

पहिलंच मॉडेल करताय? आधी साधं किट करा, व्हॅक्युमचं दुसरं. बॉडी चिकटवण्याआधी लांबी मोजा. कापून उरलेला तुकडा टाकू नका. आणि उट्या विसरू नका.